एकाच पिंपाची दोन टोकं

मे महिन्याच्या अखेरीला कोकणात आगोटीची घाई सुरू होते. होड्या पुळणीवर ओढून झापांनी शाकारायच्या, जाळी वाळवून माळ्यावर टाकायची, सुकी मासळी डब्यांत भरायची. वारा तोवर नैर्ऋत्येचा झालेला असतो, पाणी गढूळलेलं असतं. याच दिवसांत सिंधुदुर्गापासून काणकोणपर्यंतच्या किनाऱ्यांवर बहुतेक दरवर्षी आणखी एक गोष्ट येते. भरतीच्या शेवटच्या रेषेवर काळे, मऊ, चिकट गोळे पसरतात. काही नखाएवढे, काही तळहात भरतील असे. वर्तमानपत्रं त्यांना तेलगोळे म्हणतात, किनाऱ्यावरची माणसं सरळ डांबर म्हणतात. अनवाणी टाचेला ते लागलं की साबणाने जात नाही, रॉकेल किंवा खोबरेल चोळावं लागतं. तेलाचा डाग काढायला पुन्हा तेलच.

जी गोष्ट इतक्या नेमाने येते तिला माणूस हळूहळू ऋतू समजू लागतो. पहिल्या दिवशी बातमी येते, दुसऱ्या दिवशी शॅकवाल्यांची तक्रार, आठवड्याभरात मोसमी पाऊस, आणि मग ‘पावसाने सगळं धुऊन नेलं’ असं समाधान. पाऊस डांबर कुठेही नेत नाही. पावसाळी लाटा वाळू उलथीपालथी करतात आणि गोळे तिच्याखाली जातात. पुढे हिवाळ्यात एखाद्या शांत किनाऱ्यावर हातभर खणलं तर काळी रेघ लागू शकते. वाळूच्या पोटात अशी वर्षावर्षांची नोंद साठत असते. वाचायला कुणी बसलं तर वाचावी.

वाचणारे आहेत. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक गेली कित्येक वर्षं हे गोळे गोळा करून त्यांची कुंडली मांडतात. कच्चं तेल समुद्रावर सांडलं की ते आहे तसं राहत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत त्यातला हलका, पेट्रोलसारखा भाग हवेत उडून जातो. लाटांच्या घुसळणीने उरलेल्या तेलात पाणी शिरतं, तपकिरी लगदा होतो आणि त्याचं आकारमान मूळ तेलाच्या तिपटी-चौपटीवर जाऊ शकतं. मग ऊन त्याला घट्ट करत जातं, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटतो, लगदा तुटतो, तुकडे लाटांवर लोळून गोल होतात. एवढ्या प्रवासात तेलातलं बरंच काही नाहीसं होतं. होपेन आणि स्टेरेन नावाची काही द्रव्यं मात्र चिवटपणे टिकतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जीवाणूंच्या आणि शैवालांच्या पेशींतून ती आलेली असतात. त्यांचं परस्पर प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्रात वेगळं, त्यामुळे गोळ्यातलं प्रमाण मोजून तेल कुठलं ते ओळखता येतं. डायनोसॉरच्या काळात किंवा त्याच्याही मागेपुढे जगून गेलेल्या शेवाळाने आजच्या गुन्ह्यात साक्ष द्यावी, याची मला मोठी मौज वाटते.

साक्ष काय मिळाली? काही वर्षांचे नमुने बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, काही टँकरमधून नेल्या जाणाऱ्या दूरदेशीच्या तेलाशी. बॉम्बे हाय मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर आहे. 1974 साली ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं आणि 1976 पासून ते वर येऊ लागलं. पावसाळ्याच्या महिन्यांत आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि वारा पाण्याला जमिनीकडे ढकलतो. उत्तरेला जे सांडेल ते खाली कोकण-गोव्याच्या वाळूवर येणार, हे भूगोलानेच ठरवून ठेवलं आहे. पण साक्ष इथपर्यंतच. गोळा विहिरीचं नाव सांगतो, सांडणाऱ्या हाताचं सांगत नाही. टाक्या धुऊन मळी सोडणारं जहाज तोवर दोन बंदरं पुढे गेलेलं असतं.

शिवाय त्या हाताने कायदा मोडलाच असेल असंही नाही. जहाजांच्या प्रदूषणाविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार मार्पोल या नावाने ओळखला जातो, तो टँकरला जमिनीपासून 50 सागरी मैलांच्या पलीकडे, चालत्या स्थितीत, दर सागरी मैलामागे 30 लिटरपर्यंत तेल पाण्यासोबत सोडू देतो. एकूण मर्यादा, वाहून नेलेल्या मालाच्या 30,000 भागांपैकी एक भाग. दोन लाख टन तेल नेणाऱ्या टँकरचा हिशेब केला तर हे साडेसहा टनांच्या वर जातं. कागदावर हा आकडा शून्याजवळचा दिसतो आणि करारापूर्वीच्या बेबंद काळाच्या तुलनेत तो खरोखर थोडा आहे. पण आखाताकडून पूर्वेकडे जाणारी वाट आपल्या दारावरून जाते आणि त्या वाटेवरच्या टँकरांना खंड नसतो.

ही झाली काळ्या पाहुण्याची कथा. त्याच वाऱ्यावर, त्याच प्रवाहाने, त्याच रेषेवर एक पांढरा पाहुणाही येतो, आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. केरी, वागातोर, कळंगुट, कोलवा, मोबोर आणि गालजीबाग या गोव्यातल्या सहा किनाऱ्यांवर संशोधकांनी वाळू चाळून पाहिली. 2016 साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यांना सापडले प्लास्टिकचे दाणे, बहुतेक पांढरे, बहुतेक पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे. ते खोल समुद्राकडून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

प्लास्टिकच्या धंद्यात या मालाला ‘दाणा’च म्हणतात. दोन ते पाच मिलिमीटरचा, गुळगुळीत, कच्च्या साबुदाण्यासारखा. बादली, पाइप, दुधाची पिशवी, खुर्ची, इंजेक्शनची सिरिंज, सगळ्यांचा जन्म या दाण्यातून होतो. कारखान्यात तो वितळवून साच्यात घालतात. म्हणजे किनाऱ्यावर सापडणारा दाणा कुणी वापरून फेकलेला नसतो. तो अजून कुणाच्या हातातच आलेला नसतो. पर्यटकाचा बेशिस्तपणा, गावाची कचरापेटी, ‘प्लास्टिकचा वापर टाळा’ ही पाटी, यांतलं काहीही त्याला लागू पडत नाही. तो गळतो वाहतुकीत: पोतं फुटलं, कंटेनर पडला, कारखान्याच्या अंगणातून पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात गेला.

काळा गोळा आणि पांढरा दाणा शेजारी शेजारी ठेवून पाहिले की त्यांचं नातं ध्यानात येतं. रिफायनरीच्या उंच मनोऱ्यात कच्चं तेल तापवून चढवतात. हलके घटक वर जातात, जड खाली राहतात. वरच्या भागात वायू आणि नाफ्ता मिळतो. मधे रॉकेल आणि डिझेल. आणि सगळं काढून घेतल्यावर तळाला जो दाट काळा साका उरतो त्यापासून रस्त्याचं डांबर आणि जहाजांचं इंधन. नाफ्ता प्रचंड तापमानाला फोडून एथिलीन काढतात, आणि एथिलीनचे रेणू एकमेकांत गुंफले की पॉलिएथिलीन, म्हणजेच दाणा. आपल्याकडे तर हे नातं फार घरगुती आहे. बॉम्बे हायमधून तेलासोबत निघणारा वायू उरणला येतो, आणि त्यातले एथेन-प्रोपेन वापरून प्लास्टिक बनवण्यासाठीच रायगड जिल्ह्यात नागोठण्याचा कारखाना उभा राहिला. एकाच समुद्रतळाखालून निघालेली ही भावंडं आहेत. मालवाहू जहाज पाहिलं तर दोघं एकाच छपराखाली असतात: पिंपाच्या तळाचं टोक इंजिनात जळत असतं आणि वरचं टोक कंटेनरमध्ये पोत्यांत भरून प्रवास करत असतं.

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफवर ही भावंडं अक्षरशः एकजीव झालेली सापडली. ला लागुना विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये तिथल्या खडकांवर एक काळा थर दाखवून दिला. टँकरांच्या वाटेवरून आलेलं डांबर उन्हात खडकाला घट्ट बसलं होतं आणि त्यात हजारो प्लास्टिकचे तुकडे, दाणे, जाळ्याचे धागे रुतले होते. त्यांनी या पदार्थाला ‘प्लास्टिटार’ असं नाव दिलं. नावाची गरज पडली, कारण हा पदार्थ कुठल्याच जुन्या खान्यात बसेना. तेलाचं प्रदूषण मोजणारी खाती वेगळी, कचरा मोजणारी वेगळी. हा खडक कुणाचा?

खात्यांच्या या वाटणीच्या मागे एक जुनी समजूत आहे, आणि ती केवळ सरकारी नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला समुद्राची उपमा दिली आहे. चारी बाजूंनी नद्या येऊन मिळतात, तरी तो भरून वाहत नाही, आपली मर्यादा सोडत नाही. तसं ज्याच्यात विषय शिरूनही क्षोभ होत नाही त्याला शांती. या उपमेचं बळ एका निरीक्षणात आहे: समुद्रात काहीही घाला, तो होता तसाच राहतो. हे निरीक्षण त्या काळी खरं होतं. जे जे त्यात जाई, लाकूड, राख, निर्माल्य, प्रेतं, मैला, त्या सगळ्याला खाणारं कुणीतरी पाण्यात होतं. समुद्राची स्थितप्रज्ञता म्हणजे या असंख्य खाणाऱ्यांचं अबोल काम. आपण उपमा पाठ केली आणि खाणाऱ्यांची हजेरी घेतली नाही.

तेलालासुद्धा खाणारे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. समुद्राच्या तळातून तेल झिरपणं हा प्रकार माणसापेक्षा फार जुना आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2003 मध्ये मांडलेल्या अंदाजात जगातल्या समुद्रांत वर्षाला शिरणाऱ्या सुमारे 13 लाख टन तेलापैकी जवळपास सहा लाख टन या नैसर्गिक झिरप्याचं होतं. एवढा जुना खाऊ असल्यावर खाणारेही तयार झाले. अल्कॅनिव्होरॅक्स हा जीवाणू तर जवळजवळ केवळ तेलावर जगतो. स्वच्छ पाण्यात तो मोजका असतो, तवंग आला की त्याची संख्या भराभर वाढते. बंगालमध्ये जन्मलेले आनंद चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल पचवणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडवला आणि त्याच्या पेटंटचा खटला 1980 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. सजीवावर मालकी हक्क मिळण्याचा रस्ता त्या निकालाने मोकळा झाला; समुद्रातलं तेल मात्र आजही पेटंट नसलेले जीवाणूच खातात. ही फुकटची चाकरी कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून तेल निरुपद्रवी ठरत नाही. जीवाणूंना वेळ लागतो, प्राणवायू लागतो, नत्र आणि स्फुरद लागतं. खारफुटीच्या चिखलात, जिथे हवा खेळत नाही, तिथे शिरलेलं तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं. कांदळाची श्वास घेणारी मुळं त्याने लिंपली की झाड उभ्याउभ्या मरतं. तळाचा साका तर जीवाणूंनाही नकोसा, आणि आपल्या किनाऱ्यावर पोचतो तो नेमका तोच. तरीही तेल हा समुद्राच्या ओळखीचा शत्रू आहे. प्लास्टिक अनोळखी. 2016 मध्ये जपानमधल्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ, पीईटी प्लास्टिक खाणारा एक जीवाणू सापडला तेव्हा जगभर आनंद झाला. त्या आनंदात एक बारकावा हरवला: पीईटी पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. जे तरंगतं आणि किनाऱ्याला लागतं ते पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, आणि त्यांच्या कार्बनच्या सरळ साखळ्या तोडणं फारच अवघड. ऊन त्यांना ठिसूळ करतं, लाटा फोडतात. तुकड्याचे तुकडे होतात, त्यांचे आणखी. संख्या वाढते, वजन जवळपास तेवढंच राहतं. प्लिमथचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात विचारलं होतं की, समुद्रात एवढं प्लास्टिक गेलं तर ते दिसत का नाही. उत्तर गाळात होतं, नुसत्या डोळ्यांनी न दिसणाऱ्या धाग्यांच्या आणि कणांच्या रूपात. मायक्रोप्लास्टिक हा शब्द तिथून सर्वतोमुखी झाला.

जपानचे हिदेशिगे ताकादा यांनी या दाण्यांची आणखी एक खोड दाखवली. तेलापासून झालेलं प्लास्टिक तेलकट द्रव्यांना ओढून घेतं. पाण्यात नाममात्र असलेली पीसीबीसारखी विषारी रसायनं दाण्याच्या अंगावर साठत जातात; त्यांच्या गटाला दाण्यावरचं प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींपर्यंत आढळलं होतं. मग त्यांनी जगभरच्या माणसांना आवाहन केलं: आपापल्या किनाऱ्यावरचे दाणे पाकिटात घालून पाठवा. मोजणीचं उपकरण किनाऱ्यावर पडलेलंच होतं, ते उचलायला हात हवे होते. प्रदूषणालाच प्रदूषणाचा साक्षीदार करण्याची ही युक्ती मला दोनापावलच्या होपेनवाल्यांच्या कुळातली वाटते.

इथे एक सावधगिरीची सूचना. माणूस दर आठवड्याला एक क्रेडिट कार्ड होईल एवढं प्लास्टिक गिळतो, ही 2019 पासून फिरणारी गोष्ट ज्या अंदाजावर उभी होती तो नंतरच्या तपासणीत फार फुगलेला ठरला. अशा वाक्यांनी भीती पसरते आणि वर्षभरात विरते. समुद्राच्या बाबतीत भीतीपेक्षा हिशेबाची गरज मोठी आहे, आणि खरा हिशेबच पुरेसा अस्वस्थ करणारा आहे.

तेलाचा हिशेब जगाने एका अपघातामुळे सुरू केला. 18 मार्च 1967 ला ‘टोरी कॅन्यन’ हा टँकर सुमारे 1,19,000 टन कुवेती तेल घेऊन इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर आदळला. ब्रिटिश सरकारने विमानांतून बॉम्ब टाकून तेल जाळायचा प्रयत्न केला. किनाऱ्यांवर हजारो टन डिटर्जंट ओतलं. नंतर असं दिसलं की डिटर्जंटने ‘स्वच्छ’ केलेल्या खडकांवरचं जीवन सावरायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि जिथे हात लावला नव्हता ते खडक दोन-तीन वर्षांत पुष्कळसे सावरले. साफसफाई करताना आपण नेमकं काय साफ करतो आहोत, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. पण काळे समुद्रपक्षी दूरचित्रवाणीवर घराघरात दिसले, आणि त्यातूनच पुढे 1973 आणि 1978 चा मार्पोल करार आला. काळा रंग कायद्याला दिसतो.

पांढरा दिसत नाही. 20 मे 2021 ला कोलंबोबाहेर ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजावर आग लागली. जहाज जुनाट नव्हतं, त्याच वर्षी पाण्यात उतरलेलं. त्यावर 1,486 कंटेनर होते आणि त्यांपैकी एकातून नायट्रिक ॲसिड गळत होतं. गळती आधीच लक्षात आली होती. तो कंटेनर उतरवून घ्या अशी विनंती जहाजाने कतारच्या हमद बंदराला केली, मग आपल्या गुजरातमधल्या हजिराला केली. दोन्हीकडे नकार मिळाला. अशा मालाची सोय नाही, हे कारण. त्या नकारात बेकायदा काही नव्हतं. गळतं ॲसिड आपल्या धक्क्यावर कोण घेईल? प्रत्येक बंदराने आपली हद्द राखली आणि सगळ्यांच्या हद्दींची बेरीज श्रीलंकेच्या वाट्याला आली. जहाज अनेक दिवस जळत राहिलं आणि 2 जूनला त्याचा मागचा भाग तळाला टेकला.

त्यावर सुमारे 1,680 टन प्लास्टिकचे दाणे होते. एक दाणा 20 मिलिग्रॅमचा धरला तर ही संख्या 8,400 कोटींच्या घरात जाते. कोलंबोच्या उत्तरेचे किनारे पांढरे झाले. पांढरे संरक्षक पोशाख घातलेले नौसैनिक फावड्यांनी वाळू भरत होते, ती चाळत होते, आणि पुढच्या भरतीला पुन्हा तेवढेच दाणे येत होते. आगीने आणखी एक काम केलं होतं. अर्धवट जळलेल्या प्लास्टिकची काळी-तपकिरी ढेकळं दाण्यांत मिसळली होती. सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी वोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढेकळांची तपासणी केली तेव्हा त्यांची रासायनिक घडण साध्या दाण्यांपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची निघाली. रंगाने आणि पोताने ती दगडगोट्यांसारखी दिसतात, त्यामुळे वेचणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. मासेमारीबंदीने हजारो कुटुंबं घरी बसली. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये जहाजाच्या मालक-चालकांना 100 कोटी अमेरिकी डॉलरची भरपाई द्यायला सांगितलं. निकालाला चार वर्षं लागली, आणि निकाल म्हणजे वसुली नव्हे.

मुद्दा असा की, त्या जहाजावरचं ॲसिड ‘धोकादायक माल’ म्हणून नोंदलेलं होतं. दाणे साधा माल होते. कंटेनर डेकवर ठेवावा की खाली, तो किती घट्ट बांधावा, या सगळ्याची कलमं धोकादायक मालाला लागू होतात. मार्पोल करार समुद्रात प्लास्टिक टाकायला 1988 च्या अखेरपासून बंदी घालतो, पण अपघाताने पडलेला माल म्हणजे टाकलेला माल नव्हे. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर त्या 8,400 कोटी दाण्यांचं समुद्रात जाणं ही जवळजवळ न घडलेली घटना आहे.

चार वर्षांनी तेच आपल्या दाराशी घडलं. 25 मे 2025 ला, पाऊस केरळात पोचण्याच्या सुमारास, विळिंजमहून कोचीकडे निघालेलं ‘एमएससी एल्सा 3’ हे 1997 सालचं जहाज कलंडून बुडालं. 640 कंटेनर होते. त्यांपैकी 13 मध्ये धोकादायक माल, बहुतांश कॅल्शियम कार्बाइड. टाक्यांत सुमारे 367 टन फर्नेस ऑइल आणि 84 टन डिझेल. सगळे 24 खलाशी वाचले. तटरक्षक दलाचं लक्ष साहजिकच तेलाच्या तवंगाकडे आणि कार्बाइडकडे होतं. पहिल्या दिवसांतल्या निवेदनांत दाण्यांचा उल्लेखही शोधावा लागतो. तीन-चार दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर पोती फुटून दाणे येऊ लागले. त्यानंतर स्वयंसेवक, कुटुंबश्री बचतगटांतल्या बाया, चाळण्या, पोती. केरळ सरकारने उच्च न्यायालयात 9,531 कोटी रुपयांचा दावा लावला. दाण्याला किंमत आहे हे निदान दाव्यात मान्य झालं.

मुंबईने अशा प्रसंगाची झलक 2010 मध्ये पाहिली होती. 7 ऑगस्टला बंदरातून बाहेर पडणारं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया’ एकमेकांवर आदळली. कंटेनर घसरून पाण्यात पडले, काहींत कीटकनाशकं होती. सुमारे 800 टन तेल सांडलं. उरण, घारापुरी, अलिबागच्या बाजूच्या कांदळवनांना काळा लेप बसला. नारळी पौर्णिमा पंधरा-सतरा दिवसांवर होती. मासेमारीची पावसाळी बंदी उठून हंगाम सुरू व्हायचा तोच मासे खाऊ नका असे सल्ले आले आणि बाजारात गिऱ्हाईक येईना. ज्यांनी ना तेल मागवलं होतं, ना पाठवलं होतं, त्यांचा नारळ त्या वर्षी तवंगावर पडला. अशा अपघातांचा खर्च प्रथम कोण भरतं याचं उत्तर दर वेळी तेच येतं: कोळी, गाबीत, दालदी, तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या बायका. विमा कंपन्यांची पत्रं नंतर सुरू होतात.

कोळीवाड्याचा हात अगदी कोरा आहे, असं मी म्हणणार नाही. ससून डॉक किंवा मिरकरवाड्याच्या धक्क्यावरचं पाणी पाहा. त्यावर डिझेलचे इंद्रधनुषी तवंग कायम असतात. इंजिनाचं जळकं तेल बदललं की ते कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सणाची जाळी गेली, नायलॉनची आली. फाटलेलं जाळं आता कुजत नाही, तळाशी बसून मासे मारत राहतं. आणि शहरं तर या सगळ्यांच्या वरताण. मुंबईच्या गाड्यांचं रस्त्यावर ठिबकलेलं तेल आणि झिजलेल्या टायरांचा चुरा पहिल्या पावसात मिठी, पोईसर, दहिसर या नद्यांतून खाडीत उतरतो. त्याची बातमी होत नाही, कारण त्याला जहाजासारखं नाव नसतं आणि बुडण्याची तारीख नसते. उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून समुद्र कचरा परत फेकतो तेव्हा लोक मोबाइल काढून तो सूड असल्याचं सांगतात. समुद्राला सूड वगैरे काही कळत नाही. जे तरंगतं ते वाऱ्याच्या दिशेने येतं, एवढंच.

आपण अपघात आणि सवय असे दोन कप्पे केले आहेत. तेल सांडणं हा अपघात, म्हणून त्याला चौकशी, दंड, तटरक्षक दल. प्लास्टिक ही सवय, म्हणून त्याला प्रबोधन, कापडी पिशवी, रविवारची किनारा सफाई. पण आपल्या किनाऱ्यांवर डांबर वर्षाच्या ठरलेल्या महिन्यांत येतं, म्हणजे ते सवयीसारखं वागतं. आणि दाणा पोती फुटून येतो, म्हणजे तो अपघातासारखा. कप्पे उलटे झाले आहेत. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर 2015 पासून नागरिकांनी लाखो किलो कचरा काढला, 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं पाण्याकडे जाताना दिसली, याबद्दल मला नितांत आदर आहे. तरी वेचणाऱ्याला दाण्याची जबाबदारी देणं हा अन्याय आहे. पाच मिलिमीटरची वस्तू वाळूतून वेचता येत नाही. वाळू चाळली तर वाळूतले जीव मरतात; टोरी कॅन्यनचा धडा तोच होता.

अगस्तीने समुद्र पिऊन टाकला आणि तळाशी लपलेले कालेय उघडे पडले, अशी महाभारतात कथा आहे. देवांनी त्यांना मारलं. मग समुद्र परत भरा म्हणून विनवलं, तर अगस्ती म्हणाले, ते पाणी मी पचवलं. पुढे गंगा येईपर्यंत समुद्र कोरडाच होता. शोध लावणं आणि दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या कथेतलं शहाणपण मला फार पटतं. आपल्याकडे शोधाचं काम बरंच झालं आहे. डांबर कुठलं ते कळतं, दाणा कुठल्या वाऱ्याने आला ते कळतं, तो अंगावर काय घेऊन आला तेही कळतं.

दुरुस्तीचं काम वाळूवर होणार नाही, ते कागदावर व्हावं लागेल, आणि ते फार मोठं नाही. प्लास्टिकच्या दाण्याची समुद्री वाहतूक धोकादायक मालाच्या यादीत घाला. मजबूत वेष्टण, कंटेनरवर स्पष्ट खूण, शक्य तिथे डेकखाली जागा, आणि पडला तर त्याच दिवशी किनारी राज्याला मालाची यादी. यांतल्या वेष्टणाच्या, खुणेच्या आणि जागेच्या सूचना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मार्च 2024 मध्ये परिपत्रक काढून स्वतःच दिल्या आहेत, पण ऐच्छिक म्हणून. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हात प्लास्टिक कराराची वाटाघाटी झाली आणि मसुद्यावर एकमत न होताच संपली. भारताला त्या मोठ्या कराराची वाट पाहण्याचं कारण नाही. केरळच्या दाव्याचे कागद हातात आहेत, कोलंबोचा निकाल समोर आहे, आणि हजिराचा नकार आपल्याच बंदराचा होता. दाणा सक्तीने धोकादायक माल ठरवावा हा प्रस्ताव सागरी संघटनेत भारताने मांडावा, आणि महाराष्ट्र, गोवा, केरळ या किनारी राज्यांच्या खासदारांनी तो दिल्लीकडून मांडून घ्यावा.